सत्ताविसावी चौकट

मी पाठींवर लिहिते.
कुणी कागदावर लिहितं, कुणी पाटीवर; माझं आपलं पाठींवर.
तार्तूच्या चर्मरोग विभागात, खिडकीपाशी,
जिथे नोव्हेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात.
सोमवारी चिकटवते, बुधवारी काढते, शुक्रवारी वाचते.
मधले दिवस पाठ त्यांची, अक्षर माझं.

वाइके आली ती लोकरी टोपी घालूनच.
कोट काढला, मफलर काढला, बूट दाराशी ठेवले.
टोपी नाही.
मी वाट पाहिली.
मग तिने ती उचलली, उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तशी,
तोंड जरा बाजूला करून.

भांग रुंदावलेला, एवढंच असतं तर ती आली नसती.
पण भांगाच्या दोन्ही काठांना लाल, खवले धरलेलं,
कपाळावर उतरलेलं, कानांमागे ओलसर,
आणि पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी.
"सकाळी एक मिली, रात्री एक मिली," ती म्हणाली,
"चार महिने. एकही दिवस चुकवला नाही.
खाज सुटली तेव्हा वाटलं, मुळं धरतायत."

मुळं धरतायत.
किती जणी म्हणतात हे.
केसांसाठी माणूस आग सुद्धा शुभशकुन समजतो.

वाटाण्याएवढ्या अॅल्युमिनियमच्या वाट्या,
ओळीत दहा, अशा तीन ओळी.
निकेल, अत्तरांचं मिश्रण, राळ, लोकरीची चरबी.
सव्विसात औषध, शुद्ध.
सत्ताविसात ते औषध ज्यात विरघळवतात ते पातळ,
ज्याचं नाव बाटलीवर सगळ्यात बारीक अक्षरात असतं.
तिच्या पाठीवर जुना भाजल्याचा डाग होता, त्याला वळसा घालून
मी शाईने आकडे काढले.

"पाठ भिजवायची नाही. घाम नको.
म्हणजे या आठवड्यात साउना नाही."
ती पहिल्यांदाच रडवेली झाली.
"आस्ता विचारेल, का नाही आलीस म्हणून.
माझी थोरली बहीण. तळ्याकाठी तिची साउना आहे.
तिथे सगळ्या उघड्या बसतात
आणि डोक्यावर मात्र फेल्टची टोपी, सगळ्यांच्याच.
जगात तेवढी एकच जागा आहे
जिथे मी इतरांसारखी दिसते."

मी काही बोलले नाही.
पेनाला झाकण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

शुक्रवारी भिंग घेऊन बसले.
सव्वीस कोरं.
औषधाचा काही गुन्हा नव्हता.
सत्तावीस मात्र तांबडंलाल, वर मोहरीएवढे फोड,
कडेने माझा आकडा सुजून जाड झालेला.
म्हणजे पालखीतला देव निर्दोष, भोयानेच घात केला.

डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिलं, प्रॉपिलीन ग्लायकॉल.
तिने ते एकदा वाचलं. मग चष्मा लावून वाचलं.
मग हसू लागली, सुजल्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
"हे तर माझ्या पिंपावर लिहिलेलं आहे.
मी नाट्यगृहात धुकं सोडते.
एकोणीस वर्षं.
भुताचा प्रवेश आला की मी बटण दाबते,
पहाट असली की दाबते,
नायिका मेली की जरा जास्त वेळ.
पहिल्या रांगेतले खोकतात, मी म्हणते,
काही होत नाही हो, निरुपद्रवी आहे."

डॉक्टर म्हणाले, फेसाच्या रूपात मिळतं औषध,
त्यात हे नसतं. विचार करा.
ती म्हणाली, करते.
कामावर काय करायचं, ते तिने विचारलं नाही,
आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा
ती सदऱ्याची बटणं लावत होती.

"आकडे पुसून देऊ?" मी विचारलं.
कापसावर स्पिरिट घेतलंच होतं.
"राहू देत. उद्या शनिवार.
आस्ताला वाचायला काहीतरी हवं."

दाराशी तिने बूट चढवले, मफलर, कोट.
टोपी विसरेल असं मला उगीच वाटलं होतं.
ती घालूनच गेली.
बाहेर उणे सहा होतं.